कलम चारमधला काना

३ ऑगस्ट

कान्या,

आशीर्वाद शेवटी देते, आधी ऐक. आज मोठ्या सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि हसत हसत पोटावर पाय दिला. म्हणाले, "बाई, सहामाही परीक्षेनंतर तुमची खोली आम्हाला लागेल. उत्तरपत्रिका ठेवायला जागा नाही." तुमची खोली म्हणे! जशी काही मी तिथे बिऱ्हाड करून राहते. मी म्हटलं, "सर, ते शाळेचं ग्रंथालय आहे." तर म्हणाले, "हो ना, पण कपाटं काय, बाहेर व्हरांड्यातही राहतील. कुलूप असलं म्हणजे झालं."

कुलूप असलं म्हणजे झालं! एकोणीस वर्षं मी त्या कुलपाशीच भांडते आहे. आमचा नियम तुला माहीत आहे. खोली आठवड्यातून दोन तास उघडायची, पुस्तक तिथेच बसून वाचायचं, घरी न्यायचं नाही. दोन तासांत मूल पुस्तक निवडतं, पहिलं पान उलटतं नि घंटा होते. म्हणून मी देते घरी. नोंद न करता. तुला म्हणून सांगते, कुठे बोलू नकोस, नोंद केली तर माझी धडगत नाही. सातवीत एक मुलगी आहे, तिला मी जिनाबाई म्हणते. पुस्तक हातात पडलं की तिला घरापर्यंत दम निघत नाही, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरच बैठक मारते आणि अख्खी शाळा तिला ओलांडून खाली जाते. आता ही खोली गेली तर तिला मी काय देऊ, उत्तरपत्रिका?

तू लिहितोयस त्या शाळांच्या ग्रंथालय कायद्याचं काय झालं? वर्षभर प्रश्न विचारून नुसतं भंडावून सोडलंस. खोली केवढी, कपाटं किती, मुलं कधी येतात. आता आण बाबा लवकर, नाहीतर वरातीमागून घोडं व्हायचं.

आई विचारते, कधी येणार. तीन वर्षं झाली. मी सांगते, त्याला काम असतं. ती म्हणते, "जगात काम त्याला एकट्यालाच दिलंय का?" याचं उत्तर तूच दे.

ताई


११ ऑगस्ट

ताई,

नमस्कार, तोही वाकून, कारण बातमीच तशी आहे. तुझ्या घोड्याने वरात गाठली. मसुदा काल पूर्ण झाला.

आमच्या विभागात मंत्री बोलतात, सचिव मान हलवतात व लिहायचं मी. इथली जुनी रीत आहे, विधेयकाची मूळ प्रत हातानेच लिहायची, मग टंकलेखन व मग छपाई. या वेळी पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सगळं माझ्या हातचं आहे. कलम तीन वाचून तू उडीच मारशील. पुस्तक घरी नेणं हा विद्यार्थ्याचा हक्क, व ते हरवलं-फाटलं तर ग्रंथपालाला दोष द्यायचा नाही. कलम चार तर तुझंच आहे. तूच लिहिलं होतंस ना, तुमच्या शेजारच्या शाळेत खोली आहे पण माणूस नाही, म्हणून ती वर्षभर बंद. व नदीपलीकडच्या शाळेत बाई आहेत पण खोली नाही, म्हणून त्या बिचाऱ्या हजेरीपत्रकं भरत बसतात? म्हणून प्रत्येक शाळेत दोन्ही हवं, ग्रंथालय व पूर्णवेळ ग्रंथपाल. हा आपल्या कायद्याचा कणा.

मतदान १५ सप्टेंबरला. सचिव म्हणाले, हे नीट पार पडलं तर वरची जागा तुमची. छापील प्रती सगळ्या शाळांना जातील, तुमच्या मोठ्या सरांनाही. त्यांचा चेहरा कसा होतो ते मला सविस्तर कळव.

आईची वा तुझी फार आठवण येते. मतदान झालं की येतो, नक्की.

तुझा कान्या


२५ ऑगस्ट

कान्या,

सरांचा चेहरा कसा झाला ते कळव म्हणालास ना? फुलला!

प्रत आली तशी सरांनी सगळ्यांना शिक्षकखोलीत जमवलं. मी मुद्दाम पुढच्या खुर्चीवर बसले होते, कडक इस्त्रीची साडी नेसून. सरांनी चष्मा चढवला नि वाचायला लागले. कलम तीनला त्यांचं तोंड कडू झालं, मी मनात म्हटलं, थांबा, अजून चार यायचंय. चार आलं. "प्रत्येक शाळेत ग्रंथालय वा पूर्णवेळ ग्रंथपाल असेल." थांबले. पुन्हा एकदा वाचलं. आणि म्हणाले, "वा!" म्हणजे ते दुसरं वा, गाण्याला देतात ते. गणिताचे मास्तर खो खो हसले.

"बाई," सर म्हणाले, "सरकार आमच्याच बाजूचं निघालं. ग्रंथालय वा ग्रंथपाल. दोन्हींतलं एक. ग्रंथपाल आमच्याकडे आहेत, या काय समोर बसल्यात. मग खोली कशाला हवी?"

मी प्रत हातातून हिसकावून घेतली. हो, हिसकावली, सगळ्यांसमोर. खिडकीशी नेऊन बघितली. काना होता. काडीएवढा काना, पण होता. कान्या, तुझ्या लक्षात येतंय का काय झालं ते? शेजारच्या शाळेत खोली आहे, मग माणूस नको. नदीपलीकडे माणूस आहे, मग खोली नको. दोन्ही शाळा आता कायद्यात चोख बसतात! आजवर निदान लाज तरी वाटायची, आता कायद्याचा आधार झाला. आणि सरांनी परीक्षेचीही वाट पाहायची नाही असं ठरवलंय. पंधरा तारखेला मतदान, सोळाला कपाटं बाहेर.

कुणी केलं हे? मला सांगू नकोस की चुकून झालं. ज्याला माणसं नेमायची नाहीत नि भिंती बांधायच्या नाहीत, असा कुणीतरी तिथे बसलाय. मी वर्तमानपत्राला पत्र लिहायला घेतलंय. ज्याने हा काना घातला त्याचे दोन्ही कान उपटून हातात दिले पाहिजेत.

ताई


३० ऑगस्ट

ताई,

वर्तमानपत्राला लिहू नकोस. हात जोडून सांगतो. आणि कुणाकडे बोलूही नकोस.

रीत समजून घे. मूळ प्रतीत बरोबर शब्द असेल, तर ती टंकलेखनातली चूक ठरते. मग अर्ध्या पानाचं शुद्धिपत्र काढतात, कुणी काही विचारत नाही आणि काम होतं. पण मूळ प्रतीतच चूक असेल, तर सभागृहात दुरुस्ती मांडावी लागते, चर्चा होते आणि मत घेतात. तो काना आवडलेले सदस्य सभागृहात बरेच आहेत. तिथे दुरुस्ती पडली, तर कायदा कायमचा तसाच.

सचिवांनाही तो काना खटकला, म्हणून त्यांनी मूळ प्रत मागितली आहे, बारा तारखेपर्यंत. टंकलेखन करणाऱ्या बाईंकडून लेखी खुलासा मागवला आहे. बावीस वर्षं झाली त्यांना इथे. त्या म्हणतात, समोर होतं तेच टाइप केलं. बघू. बहुधा शुद्धिपत्रच निघेल आणि तुझी खोली वाचेल. तू शांत राहा आणि आईला काही सांगू नकोस.

कान्या


४ सप्टेंबर

कान्या,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा त्या टंकलेखनवाल्या बाईंना मनातल्या मनात यथेच्छ शिव्या दिल्या. दुसऱ्यांदा काहीतरी खुपलं. तिसऱ्यांदा कळलं. अख्ख्या पत्रात एकही "व" नाही.

तू! जो दुकानाच्या यादीतसुद्धा "साबण व काडेपेटी" लिहितो! घरात आम्ही तुझी टिंगल करायचो, की हा जन्मला तोच सरकारी. आणि आता जिथे तिथे आणि, आणि, आणि. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं.

मग मी तुझं अकरा तारखेचं पत्र काढलं. शेवटाकडची ओळ बघ. बघायला तुझ्याकडे नाही, म्हणून मी उतरवते: "आईची वा तुझी फार आठवण येते." ते मी आईला वाचून दाखवलं होतं नि म्हटलं होतं, बघ, कान्याचं अजून ठरलेलं नाही, दोघींतल्या कुणाची आठवण काढायची. हसलो आम्ही दोघी. आता हसू येत नाही.

लोकांना वाटतं तुला लाडाने कान्या म्हणतात. मी नाव ठेवलं, मला माहीत आहे कशावरून. पाटीवर मी "घर" सांगितलं की तू "घार" लिहायचास, "मन" सांगितलं की "मान". घाई झाली की तुझा हात काना ओढतोच. मी पट्टी मारली, जागरणं केली, तो हात काही सुधारला नाही.

तो काना तुझा आहे. खरं ना? त्या बाई मक्षिकास्थाने मक्षिका टाइप करतात. समोर माशी होती, माशी उतरली. आणि तू त्यांना खुलासा लिहू देतोयस! मूळ प्रत कुठे आहे, सांग मला.

ताई


७ सप्टेंबर

ताई,

मूळ प्रत माझ्या खणात आहे. तिच्याशेजारी ब्लेड आहे. झालं समाधान?

हो, माझाच काना. शेवटचं पान उतरवताना सचिव दारात उभे होते, घड्याळ बघत. छापील प्रतही मीच तपासली, व (हो, "व", आता काय लपवायचं!) डोळ्यांना जे दिसायला हवं होतं तेच दिसलं. तुझं पंचवीस तारखेचं पत्र आलं तेव्हा खण उघडून पाहिलं, व काना तिथेही होता.

आता नीट ऐक. कागद जाड आहे. ब्लेडचे दोन हलके हात मारले की काना गेला. मूळ प्रतीत "व" दिसेल, शुद्धिपत्र निघेल, तुझी खोली राहील. तुझी एकटीचीच नाही, सगळ्या शाळांच्या खोल्या. उलट मी खरं सांगितलं तर दुरुस्ती सभागृहात जाणार, व तिथे ती पडू शकते, हे मी घाबरून म्हणत नाही, मी माणसं मोजली आहेत. मग तुझी जिनाबाई कुठे जाणार? माझी जागा तर जाईलच, ती सोडून दे.

बाईंचं काय, विचारशील. त्यांच्यावर ठपका येईल, दूरच्या कचेरीत बदली होईल. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला आहे. मला सगळं माहीत आहे ताई, मी रोज त्यांच्यासमोर बसतो. काल त्या मला म्हणाल्या, "साहेब, मी खरंच चुकले असेन का हो? आता माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही." मी काय म्हणालो माहीत आहे? "बघू."

पण तू मला धडे देऊ नकोस. तू तरी कुठे नोंद करतेस? पुस्तकं बाहेर गेली, वहीत काही नाही. तू लपवलंस ते मुलांच्या भल्यासाठी, व मी लपवलं ते पाप? मीही मुलांसाठीच लपवतोय असं समज.

बारा तारखेला दुपारी प्रत द्यायची आहे.

कान्या


९ सप्टेंबर

कान्या,

तुझं पत्र दुपारच्या सुट्टीत मिळालं. वाचून राग आला. मग शेवटचा परिच्छेद खरा आहे हे कळलं, तेव्हा जास्त राग आला.

सुट्टी संपायच्या आत मी देवघेवीची वही काढली. बाहेर गेलेली पुस्तकं आठवून आठवून लिहिली. एकतीस निघाली. घेणाऱ्याच्या रकान्यात मुलांची नावं घातली नाहीत, तिथे एकतीस वेळा माझंच नाव लिहिलं. वही सरांच्या टेबलावर ठेवली. ते बराच वेळ पानं उलटत राहिले. मग म्हणाले, "बाई, हे तुम्ही आपणहून का दाखवताय?" आता त्यांना काय सांगू, की माझ्या धाकट्या भावाच्या खणात ब्लेड आहे? म्हटलं, "लपवून कंटाळा आला, सर."

त्यांनी किल्ल्या मागून घेतल्या. उद्यापासून यायचं नाही, निर्णय होईपर्यंत घरी बसायचं. एकोणीस वर्षांनी पहिल्यांदा त्या खोलीचं कुलूप दुसऱ्याने लावलं नि मी बाजूला उभी राहून बघितलं. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. खाली आले तर जिनाबाई तिसऱ्या पायरीवर. म्हणाली, "बाई, उद्या मिळेल ना दुसरं?" मी म्हटलं, "हातात आहे ते आधी संपव."

तू माणसं मोजलीस म्हणतोस. मग ऐक. खोली गेली तर जाऊ दे. मला ती हवी आहे, किती हवी आहे ते तुला सांगायला नको. पण दुसऱ्या बाईच्या मानेवर पाय देऊन उभी राहिलेली खोली मला नको. त्या खोलीत बसून मी पोरांना कोणत्या तोंडाने पुस्तक देऊ?

हे पत्र बाराला सकाळी तुला मिळायला हवं. आज शिव्याही देत नाही नि आशीर्वादही देत नाही. दोन्ही राखून ठेवलेत.

ताई


१६ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र बारा तारखेला अकराच्या टपालात आलं. तेव्हा ब्लेड माझ्या हातात होतं. कान्याचं खालचं टोक थोडं खरवडूनही झालं होतं. हे तुला सांगितलं नाही तर उरलेलं सांगण्यात काही अर्थ नाही.

एकतीस वेळा तुझं नाव, हे वाचलं व ब्लेड टोपलीत टाकलं. आधी बाईंकडे गेलो. म्हटलं, "तुम्ही चुकला नाहीत. काना माझा आहे." त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. मी माझा खुलासा हाताने लिहून आणला होता, तो त्यांनी माझ्या हातातून घेतला. "द्या, टाइप करते. सचिवांना टाइप केलेलं लागतं." माझा कबुलीजबाब त्यांनीच टाइप केला, मक्षिकास्थाने मक्षिका. त्यात मी एका ठिकाणी पुन्हा काना जास्त घातला होता. त्यांनी बोट ठेवून विचारलं, "साहेब, हा राहू द्यायचा का?"

सचिवांना खरवडलेलं टोक लगेच दिसलं. "हे काय?" मी म्हणालो, "सुरुवात केली होती साहेब, थांबलो." त्यांनी एवढंच म्हटलं, "थांबलात तेवढं बरं." वरची जागा गेलीच. उद्यापासून मी तळघरात, जुन्या कागदांच्या खोलीत. मसुदा लिहायचा नाही.

काल दुरुस्ती सभागृहात आली. "कलम चारमधील 'वा' या अक्षराचा काना वगळावा." मी वर गॅलरीत उभा, बसवेना. एकजण उठून म्हणाला, "काना राहू द्या की, कुणाला टोचतोय?" सगळीकडे हशा. अर्धा तास थट्टाच चालली होती. मग मागच्या बाकावरच्या एक सदस्या उठल्या, पूर्वी शाळेत शिकवायच्या. त्यांनी कागद काढला व विधेयकाला जोडलेलं निवेदन वाचलं, एका शाळेत खोली आहे पण माणूस नाही, नदीपलीकडे माणूस आहे पण खोली नाही. तुझंच वाक्य होतं ताई, मी पत्रातून जसंच्या तसं उचललेलं. हसणं थांबलं. मत घेतलं. एकेचाळीस विरुद्ध अडतीस.

तीन मतांनी काना गेला.

तुझी खोली उघडली का? तुझ्या किल्ल्या माझ्यामुळे गेल्या. कायदा आला तरी ती वही सरांच्या टेबलावर आहेच. मला घरी यायला तोंड नाही. आईला सांग, सध्या जमत नाही.

कान्या


३० सप्टेंबर

कान्या,

आधी आशीर्वाद घे, राखून ठेवलेले सगळे. शिव्याही होत्या, त्या देऊन टाकते: मूर्खा, गाढवा, ब्लेड घेतलंस हातात! झालं.

आता ऐक. मी घरी बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी सरांनी प्रार्थनेच्या वेळी सांगितलं, ज्यांच्याकडे ग्रंथालयाची पुस्तकं असतील त्यांनी परत करावी, शिक्षा होणार नाही. गणिताच्या मास्तरांना म्हणाले, "एकतीसातली पाच आली तर मी मिशी काढीन." लगेच दुसऱ्या सकाळी पोरं खोलीच्या दारापासून पार जिन्याखालपर्यंत रांगेत, प्रत्येकाच्या हातात पुस्तक, काहींना तर घरून कव्हर घातलेलं. किल्ल्या सरांकडे, म्हणजे कुलूप त्यांनाच उघडावं लागलं, पुस्तकं त्यांनाच घ्यावी लागली. कोणतं कुठल्या कपाटात, त्यांना काय ठाऊक! कवितांत प्राणी, प्राण्यांत भूमिती. वर पोरं विचारतात, "सर, आता दुसरं द्या." तिसऱ्या दिवशी शिपाई माझ्या दारात. "सर म्हणतात, कपाटं लावून द्या नि जा." मी गेले. लावून दिली. आले मात्र नाही.

सोळा तारीख आली नि गेली, कपाटं जागच्या जागीच. मग कायद्याची पक्की प्रत आली. या वेळी सरांनी कलम चार मनातल्या मनात वाचलं. "वा" काही म्हणाले नाहीत. किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "बाई, उत्तरपत्रिका माझ्या केबिनमध्येच ठेवू." वहीबद्दल एक अक्षर नाही, कलम तीन आडवं आलं ना. मिशी मात्र अजून आहे.

एकतीसातली एकोणतीस आली. एक कुत्र्याने खाल्लं, पुरावा म्हणून पोराने चावलेला पुठ्ठा आणून दिला. उरलेलं जिनाबाईकडे. तिने चिठ्ठी पाठवली आहे: "बाई, शेवटचं प्रकरण राहिलंय. तुम्हीच म्हणालात आधी संपव."

आईला सगळं सांगितलं. ब्लेडसकट. ती म्हणाली, "लहानपणीच त्याचा कान धरायला हवा होता," नि उठून तुझी खोली झाडायला लागली. तोंड नाही म्हणे! तोंड मागितलंय कुणी? तूच ये.

शेवटी मी लिहिलं होतं, "पत्र लिही वा ये." मग काना काढला. खरवडला नाही, खोडला. डाग दिसतोय तो त्याचाच, दिसू दे. आता नीट वाच.

पत्र लिही व ये.

ताई